जिभेला झोंबणारं फूल

खुशबू बोलायची तेव्हा घरात दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच उरायची नाही. चार वर्षांचीही नव्हती पोर, पण सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू व्हायचं, ते झोपेनं मान पडेपर्यंत. कोंबड्यांना रागवायची, आजोबांच्या काठीची समजूत घालायची, ताटातल्या भाताला विचारायची की तुला गरम होते का. तिची आजी अंजनाबाई कौतुकानं कपाळाला हात लावायची. "काय सांगू बापा, इची जीभ नाई, गिरनी हाये. दाने असो नसो, चालूच!"

आणि मग एका दिवसात ती गिरणी बंद पडली.

कार्तिकातली गोष्ट. लवकर पिकणारा हलका धान कापून, मळून झाला होता. खळ्यावर तणसाचा, मळून उरलेल्या भातकाड्यांचा, ढीग पडला होता, आणि उशिरा पिकणारा भारी धान अजून बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, पिवळा पडत उभा होता. छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप त्या साली पहिल्यांदाच नदी ओलांडून जांभूळटोल्याच्या अंगानं उतरला. वाघ दिसला तर काय करायचं, अस्वल समोर आलं तर काय करायचं, हे त्या गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. हत्तीचं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

खुशबूची आई हर्षा त्या दिवशी दुपार कलताना शेतातून पुढे निघून आली होती, घरी भात टाकायचा म्हणून. सासू आणि पोर मागून येणार होत्या. तिनं चूल पेटवली न पेटवली तोच शेताकडून आरडाओरडा ऐकू आला. ती धावत सुटली. हत्ती तोवर जंगलात शिरले होते. उभा धान रोलर फिरवल्यासारखा झोपला होता, आणि बांध्यांच्या पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, खळ्यापासून चांगली दूर, अंजनाबाई पडली होती. माणसांनी हर्षाला तिथवर जाऊ दिलं नाही. तिलाही जायचं नव्हतं. तिला पोर पाहिजे होती.

"खुशबू! ए खुशबू!"

सगळं गाव हाका मारत फिरलं. नाल्यात पाहिलं, मोहाच्या झाडांखाली पाहिलं. हर्षा खळ्यावरून गेली, परत आली, पुन्हा गेली. घसा फुटेपर्यंत ओरडली. कुठूनही ओ नाही. दिवस बुडायला आला तेव्हा शेजारच्या शेतातल्या सोनीबाई मडावीला तणसाच्या ढिगातून एक लहानसा अंगठा दिसला. पोर आत बसली होती, गळ्यापर्यंत तणस ओढून, डोळे उघडे. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आई त्याच ढिगाला घासून हाका मारत गेली, ते तिनं आतून पाहिलं असणार. तरी तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतरही काढला नाही.

वडशाच्या डॉक्टरांना दाखवलं, मग चंद्रपूरला नेलं. कान चांगले, गळा चांगला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हर्षाला समोर बसवून नीट सांगितलं की पोरगी भ्यायली आहे, तिच्याशी बोलत राहा, जबरदस्ती करू नका, वेळ लागेल. हर्षा बोलत राहिली. भांडी घासताना बोलायची, वेणी घालताना बोलायची. खुशबू सगळं ऐकायची, सांगितलेलं करायची, हसायचीसुद्धा, पण हसण्याला आवाज नसायचा. उन्हाळा गेला. धानाच्या रोपांची रोवणी झाली. घर असं शांत झालं की सासरे लहानू रामटेके रेडिओ लावून बसायचे आणि बातम्या संपल्या तरी खरखर तशीच चालू ठेवायचे.

भादव्यात एका सकाळी सोनीबाई दारात आली. अंजनाबाईची ती जुनी जोडीदारीण. दोघींची शेतं लागून, रोवणीला एकमेकींकडे जायच्या, उन्हाळ्यात मोह वेचायला बरोबर. पदराच्या ओच्यातून तिनं मूठभर पिवळी बोंडं काढून ओसरीवर ठेवली. पाकळ्या नसलेली, बोराच्या बीएवढी, लांब देठावरची.

"पोरीच्या जिभेले लावून पाय, हर्षा."

लहानूंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या, आणि त्या तसबिरींखाली बसून लहानूंनी आयुष्यभर गावातल्या बुवा-देवऋषींशी भांडणं केली होती. "आमच्या घरी हे चालत नाई, सोनीबाई. उतारा नाई, लिंबू नाई, झाडफूक नाई."

"झाडफूक कुठी हाये भाऊ? अक्कलकारा हाये. मागच्या साली दाढ ठनकली तवा माह्याच धुऱ्यावरून तोडून नेला होता ना तुमी?"

ते खरं होतं. पाणथळ धुऱ्यांवर पावसाळ्यात अक्कलकारा माजतो, आणि त्या भागात दाढ दुखली की दवाखान्याआधी माणूस धुऱ्यावर जातो. बोंड दाताखाली धरलं की आधी तिखट लागतं, मग जिभेवर मुंग्या चढल्यासारखं होतं, लाळ सुटते आणि ठणका बधिर होऊन जातो. वडशाला नाटकांचा हंगाम आला की गाणारे नट गळा मोकळा राहावा म्हणून तेच बोंड गालात धरतात. आणि ज्या लेकराची जीभ जड, जे बोलायला उशीर लावतं किंवा अडखळतं, त्याच्या जिभेवर ते घासतात. हे काही गुपित नव्हतं.

हर्षानं एक बोंड चुरलं आणि खुशबूच्या जिभेवर घासलं. पोरीचे डोळे मोठे झाले. तिनं आईचा पदर धरला, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि घशातून आवाज निघाला.

"आंऽ"

एवढंच. पण जवळजवळ वर्षानं निघालेला तो आवाज ऐकून हर्षा तिथंच रडायला लागली, आणि लहानू चष्मा पुसत उठून अंगणात गेले.

मग रोज सकाळी हर्षा एक बोंड घासू लागली. आवाज निघायचे, शब्द नव्हते. एक दिवस तिनं जीभ घासून दिली, हात धुतले आणि चुलीकडे वळून भाकर टाकली. पाठीमागून कोणी म्हणालं, "हर्षे, दार लोट वं. कोंबड्या घरात येतेत."

हर्षानं उठून दार लोटलं. कडीला हात लागल्यावर तिच्या लक्षात आलं आणि हात तसाच राहिला.

घरात ती आणि खुशबू दोघीच होत्या. पोर भिंतीला टेकून बसली होती, एक गुडघा वर करून, त्यावर हात टाकून. आवाज तिचाच होता, बारीक, लहान पोरीचा. पण बोलायची चाल अंजनाबाईची होती. 'लोट' म्हणून जरासं थांबायचं आणि मग 'वं' लांबवायचा, जसं काही सूनबाई उठतेय की नाही हे बघून मगच वाक्य संपवायचं. सहा वर्षं हर्षानं ते वाक्य रोज ऐकलं होतं. खुशबूनं आईला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"काय म्हनली बाई तू?" हर्षानं विचारलं.

पोरीनं तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि हनुवटीवरची लाळ पुसली. भाकर तव्यावर जळून गेली.

हे तिनं दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. मग सुट्टीला तिचा नवरा अश्विन घरी आला.

अश्विन वडशाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. आठवडाभर तिथंच राहायचा आणि सुट्टीला मोटारसायकलवर घरी यायचा. आई गेली त्या दिवशी तो पोहोचला तोवर तिला कापडात गुंडाळून झालं होतं. चार वडीलधाऱ्यांनी त्याचे हात धरून ठेवले. तोंड पाहू नको, म्हणाले, पाहशील तर तेच लक्षात राहील. त्यानं ऐकलं. पण न पाहिलेलं तोंड त्याला पाहिलेल्यापेक्षा जास्त छळत होतं. तिच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीतही तो पंगतीत वाढताना मध्येच थांबायचा आणि दाराकडे बघायचा.

त्या दिवशी त्यानं गाडी लावली, चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. खुशबूच्या गालात बोंड होतं.

"आला का बापा?" पोर म्हणाली. "उन्हाचा आला. आधी पानी पी."

अश्विन होता तिथंच खाली बसला. मग हळूच म्हणाला, "आई?"

"पानी पी ना."

तो ओंडका फुटावा तसा फुटून रडला. हर्षानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यानं पोरीकडे बघत बघत प्यायला.

त्या दिवसापासून अश्विन रोज घरी यायला लागला. मिल सुटली की गाडीला किक मारायची आणि धुऱ्यावर थांबून रुमालभर बोंडं तोडून आणायची. पोरीला समोर बसवायचं, बोंड जिभेवर ठेवायचं, आणि बोलायला लागायचं. मालक कसा कावतो, पोती उचलून कंबर कशी धरते, सगळं. पोर ऐकून घ्यायची आणि मधेमधे बोलायची. जेवला का बापा. आंग दुखते का. तेल लावून देतो, बस. एवढी आजी-माणसासारखी मान हलवायची की शेजारच्या बायका पदराआड तोंड लपवून एकमेकींना चिमटे काढायच्या.

हर्षाच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. सासू नवीन काहीच बोलत नव्हती. जे बोलत होती ते सगळं या घरात आधी बोललेलं होतं. हर्षानं ते सांगून पाहिलं. "पोरगी तिच्या मांडीवर वाढली. आयकलेलं बोलून राह्यली ते."

"मंग बरोबर त्याच टायमाले कशी बोलते?" अश्विन म्हणाला. "मी उन्हाचा आलो हे कोनं सांगतलं तिले?"

खुशबूची जीभ लाल झाली होती. कडेला फोड उठले होते. तिला भाजी तिखट लागायची, मग भातही नको म्हणायची. नको म्हणजे ताट हातानं सारायची. रात्री झोपेत तिच्या उशीवर लाळेचा डाग पडायचा. एक दिवस अश्विननं रुमाल सोडला तेव्हा हर्षानं त्याचा हात धरला.

"तिचं तोंड पाहा एकदा."

"उद्यापासून कमी लावू."

"उद्या नाई. आता बंद. मले माही पोरगी पाहिजे."

"अन मले माही माय पाहिजे!" तो ओरडला. मग स्वतःच्याच आवाजाला दचकून त्यानं पोरीकडे पाहिलं. ती दोघांकडे शांत बघत होती, गुडघ्यावर हात टाकून. त्यानं बोंड तिच्या ओठांपाशी नेलं आणि तिनं आपणहून तोंड उघडलं.

गावात गोष्ट पसरायची ती पसरलीच. एक बाई नारळ घेऊन आली, तिचा बैल हरवला होता आणि तो कोणत्या दिशेला गेला हे तिला अंजनाबाईला विचारायचं होतं. लहानू काठी घेऊन अंगणात उभे राहिले. "निघ इथून! दीक्षा घेतली ती याच्यासाठी घेतली का आमी? माह्या घरात मेलेलं मानूस बोलत नाई!" बाई नारळ टाकून पळाली. लहानूंनी तो नारळ रस्त्यावर फेकला आणि त्या संध्याकाळी मुलाशी एक अक्षर बोलले नाहीत.

म्हणून त्यानंतर काही दिवसांनी हर्षानं जे पाहिलं ते तिला खरं वाटेना.

ती सरपण घेऊन दुपारी परत येत होती. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत लहानू जमिनीवर बसले होते, गुडघे दुखतात म्हणून एरवी कधी खाली न बसणारा माणूस. समोर खुशबू. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून पिवळसर लाळ येत होती, आणि लहानूंच्या मुठीत चुरगळलेले देठ होते.

"अंजना," ते म्हणाले. इतक्या हळू की हर्षाला ते जवळजवळ त्यांच्या ओठांवरूनच समजलं. "लय दुखलं का वं तुले?"

पोरीनं आधी मागे वळून पाहिलं, मग बाजूला पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, भरभर, एका श्वासात, "गप. बिलकुल आवाज करू नोको. कोनी बी हाक मारली तरी ओ देऊ नोको. मी येऊन बोल म्हनत नाई तवरीक बोलू नोको."

लहानूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नाई बोलत," ते म्हणत राहिले. "नाई बोलत, अंजना. नाई बोलत."

हर्षाच्या डोक्यावरची मोळी दाराशी घसरली. सासऱ्यांना वाटलं होतं की बायको त्यांना गप बसवतेय. पण हे बोलणं त्यांच्यासाठी नव्हतं. या घरातलंही नव्हतं. हे खळ्यावर, तणसाच्या ढिगापाशी, पोरीला आत कोंबताना बोललेलं होतं. आणि मग ती म्हातारी ढिगापासून दूर निघून गेली होती, उघड्यावर, पलीकडच्या धुऱ्याकडे, हत्तींच्या डोळ्यांसमोरून. लोक म्हणत होते, बुढी लपली का नाही, तिकडे काऊन पळाली. ती पळाली नव्हती. ती हत्तींना आपल्यामागं घेऊन गेली होती.

आणि परत येऊन 'बोल' म्हणायला ती आलीच नव्हती. कोणी बी हाक मारली तरी. आईनं मारली तरी.

लहानू अंगणात गेल्यावर हर्षानं पोरीचं तोंड धुतलं, फोडांना तूप लावलं आणि तिला मांडीवर घेतलं. "खुशे, बोल आता. मी सांगतो ना. आता बोललं तर काई होत नाई." खुशबूनं तिच्या तोंडाकडे काळजीनं पाहिलं आणि आपलं इवलंसं बोट आईच्या ओठांवर दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अश्विन मिलला गेल्यावर, हर्षा पोरीला घेऊन सोनीबाईकडे गेली आणि सगळं सांगितलं. सोनीबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी फूल आनलं जीभ सुटाव म्हनून," ती म्हणाली. "कोनाची सुटन, हे मले का मालूम?"

"शेतात येता का माह्यासंगं? एकटीनं जमनार नाई मले."

तिघी निघाल्या. उन्हं वर आली होती. हलका धान त्याही साली कापून झाला होता आणि त्याच खळ्यावर नव्या तणसाचा ढीग पडला होता. हर्षानं काय करायचं ते नीट ठरवलं नव्हतं. तिला वाटलं होतं पोरीला तिथं बसवावं, समजावावं. पण खळं दिसताच खुशबूनं तिचं बोट सोडलं. सरळ ढिगाकडे गेली, गुडघ्यांवर बसली, आणि आत शिरून तणस अंगावर ओढू लागली. आधी पाय, मग पोट, मग गळा. नेमकी तशीच बसली, डोळे उघडे ठेवून.

सोनीबाईच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला आणि तिनं पदर दातात धरला.

हर्षा तिथं उभी राहू शकली नाही. ती बांध्यांमधून चालत पलीकडच्या धुऱ्यावर गेली, जिथं वर्षभर तिनं पाय ठेवला नव्हता. धुऱ्यावर अक्कलकारा गच्च माजला होता. तिनं पदर डोक्यावरून घेऊन सासू खोचायची तसा कमरेला खोचला. वळली. खळ्यापर्यंत मधे उभा भारी धान वाऱ्यानं हलत होता.

तोंड उघडलं तर आवाज येईना. दुसऱ्यांदा उघडलं, नुसती हवा आली. सहा वर्षं ज्या बाईच्या हाकेला ती उठली, बसली, जिच्यावर कधी चिडली, जिच्या कुशीत बाळंतपणानंतर झोपली, तिचा आवाज कसा होता हे तिला ठाऊक होतं, आणि तो आपल्या गळ्यात आणायची तिला भीती वाटत होती. मग तो आला.

"खुशेऽ! ए खुशे! गेले वं माय, हत्ती गेले. नीघ बाहेर. बोल आता. लय बोल, तुले वाटन तवरीक बोल!"

धान ओलांडून तो आवाज खळ्यावर गेला. सोनीबाई जमिनीवर बसली. तिनं पुढे गावात शपथेवर सांगितलं की ती हर्षाची हाक नव्हती. धुऱ्यावर उभं राहून हर्षानं ठरवलं होतं ते 'नीघ बाहेर' एवढंच. बाकीचं कुठून आलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या मानेच्या मागे असं गार लागत होतं जसं कोणी ओल्या लुगड्यानं जवळ येऊन उभं आहे.

तणस हललं. खुशबू बाहेर आली, केसांत काड्या, आणि बांध्यांमधून धावत सुटली. धुऱ्याशी येऊन थांबली. तिनं वर पाहिलं, पण आईकडे नाही. आईच्या खांद्याच्या जरा बाजूला, जिथं नुसतं ऊन होतं.

"आली का आजी?" ती म्हणाली.

हर्षा वळून पाहू शकली नाही. पोर त्या जागेकडे बघत राहिली, ऐकत असल्यासारखी, एकदा मान हलवली. मग तिची नजर आईवर आली, तोंड वाकडं झालं, आणि तिच्या स्वतःच्या, चिरक्या, हट्टी आवाजात ती ओरडली, "आई, मले मुताले लागली!"

हर्षानं तिला उचललं आणि हसत की रडत, तिलाच कळेना, धुऱ्याखाली नेलं.

घरी येईपर्यंत खुशबू थांबली नाही. तणस टोचते. सोनीबाईचा एक दात कुठं गेला. कोंबडीला पिल्लं झाली ती कोणी मोजली का. मध्येच तिनं आईचा हात ओढला. "आजी काऊन नाई येत आपल्यासंगं?"

"काय म्हनली आजी?" हर्षानं विचारलं, विचारू नये असं वाटत असतानाही.

"म्हने, मी इथीच आहो. तू जाय."

हे हर्षा बोललेली नव्हती. सोनीबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पोरीचा दुसरा हात धरला.

संध्याकाळी अश्विनची गाडी थांबली तेव्हा खुशबू अंगणातच होती. "बाबा! मले सायकल कवा घेऊन देता? दोन चाकाची पाहिजे, तीनची नाई!" त्याच्या हातातला रुमाल खाली पडला. त्यानं तिला उचलून गरागरा फिरवलं, तिच्या पोटात डोकं खुपसलं, लहानूंना हाका मारल्या. लहानू नातीच्या बडबडीत बसून होते, त्यांनी नुसता हात वर केला. सगळं घर त्या आवाजानं भरून गेलं होतं. मग अंधारायच्या बेताला अश्विन पोरीसमोर उकिडवा बसला. रुमालातलं एक बोंड त्यानं पुढे केलं. तिनं तोंड फिरवलं.

"झोंबते. नोको."

"आई?" तो तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला. "आई?"

"आई तं ते काय," खुशबू म्हणाली आणि चुलीपाशी बसलेल्या हर्षाकडे बोट दाखवलं.

हर्षानं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा कापडात गुंडाळल्यासारखा बंद होत गेला. "मले विचारलं बी नाई," तो शेवटी म्हणाला. "पयल्यांदा पाहू देल्लं नाई. आता घालवून देताना बी मी नाई." सकाळी तो वडशाला गेला आणि बरेच आठवडे आला नाही. फोन करायचा, तो खुशबूशी बोलायला. ती बोलायची, तो ऐकायचा, आणि हर्षानं फोन घेतला की तो ठेवून द्यायचा.

भारी धानाच्या कापणीला मात्र तो आला. दुबळा दिसत होता. दिवसभर विळा चालवला, बापाशी बोलला, पोरीला खांद्यावर घेऊन हिंडला. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर बाकीचे सावलीला गेले. हर्षा धुऱ्यावर डबे आवरत होती. तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"सोनीबाई भेटली होती," तो म्हणाला. "म्हने, आईची हाक तुह्याच गळ्यातून निघाली."

हर्षानं डब्याचं झाकण लावलं.

"एकदा हाक मार ना मले तशी. नाव घे फक्त. मंग मी कधी म्हननार नाई."

त्याचे डोळे ओले नव्हते. तो भूक लागलेल्या माणसासारखा तिच्या गळ्याकडे बघत होता. आणि हर्षाला घशात तो सासूचा आवाज जाणवला. काही आठवावं लागणार नव्हतं, जोर लावावा लागणार नव्हता. नुसतं तोंड उघडलं असतं तर आला असता. जिभेवर मुंग्या चढल्यासारखं झालं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि तो आवाज खाली उतरेपर्यंत वाट पाहिली.

"नाई," ती मग म्हणाली, स्वतःच्या आवाजात. "एकदा देली तर तुमी रोज मागसान. अन मी रोज देईन."

अश्विननं खाली वाकून डबे उचलले, तिच्या हातातलेही घेतले, आणि खळ्याकडे चालू लागला. त्या हंगामात तो राहिला, मळणी होईपर्यंत. मिलचं काम त्यानं पुढे सोडलं नाही, पण पुन्हा सुट्टीला घरी यायला लागला, आणि हर्षाशी बोलायलाही, हळूहळू, कामापुरतं आणि मग कामाशिवाय.

त्या शेतात हर्षा आता कोणाला मोठ्यानं हाक मारत नाही. कोणी दूर असलं आणि बोलवायचं असलं तर ती खुशबूला पाठवते, आणि खुशबू जाताना वाटभर बोलत जाते.